पन्नाशीनंतर दोर बांधू नये म्हणे!

"पन्नाशी उलटल्यावर धावायला किंवा कडे चढायला लागणं म्हणजे आपल्या हातानं मरण ओढवून घेणं." हा मजकूर गेली काही वर्षं फोनाफोनांतून फिरतोय. मी पहिल्यांदा हार्नेस (कडा चढताना दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) चढवला तो 53व्या वर्षी, त्यामुळे मला तो जरा जास्तच येतो, दर वेळी वेगळ्या डॉक्टरच्या नावानं. त्याची कलमं चार: हृदयाचे ठोके मोजून मिळालेले असतात, गुडघे टायरसारखे झिजतात, दमसास तरुणपणीच कमवावा लागतो, आणि प्रस्तरारोहण हा कोवळ्या बोटांचा खेळ आहे.

ठोक्यांचा हिशेब करूनच बघू. बसून दिवस काढणाऱ्याची नाडी मिनिटाला 70 धरली, तर दिवसाचे 1,00,800 ठोके झाले. रोज तासभर पळणाऱ्याचे त्या तासात 140च्या दरानं 8,400 जातात. पण नियमित सरावानं एरवीची नाडी उतरते. ती 60वर आली, तर उरलेल्या 23 तासांचे 82,800. एकूण 91,200. म्हणजे रोज 9,600 ठोके शिलकीत! कंजूषपणाच करायचा असेल तर पळायला हवं. (ठोके मोजून मिळतात हेच मुळात खरं नाही, ते वेगळं.)

याच कलमाखाली हटकून जिम फिक्सचं नाव येतं. अमेरिकेत जॉगिंगची लाट आणण्यात मोठा वाटा असलेला हा माणूस 1984 साली, 52व्या वर्षी, पळतानाच हृदयविकारानं गेला. हे खरं आहे. मजकुरात नसतं ते असं: पस्तिशीत पळू लागण्याआधी तो लठ्ठ होता, भरपूर सिगारेटी ओढायचा, आणि त्याच्या वडिलांना 35व्या वर्षी झटका येऊन 43व्या वर्षी ते गेले होते. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. पळण्यानं त्याची वर्षं घटली की वाढली, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. त्याच्या गोष्टीतून मी घेतो ते एवढंच, की पळणारा माणूस आतून निरोगी असेलच असं नाही. घरात हृदयविकार असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, चढावर छाती भरून येत असेल, तर आधी तपासणी, मग बूट. यात मी मजकुराच्या बाजूचा आहे. मात्र धोक्याचं माप ठाऊक असावं. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख धावकांत 59 जणांचं हृदय बंद पडलं.

गुडघ्यांचं थोडक्यात सांगतो. टायर स्वतःची डागडुजी करत नाही, सांधा बेताच्या भाराला जुळवून घेतो. 2017च्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावकांपैकी 3.5 टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता, बैठ्या लोकांपैकी 10.2 टक्क्यांना. स्पर्धात्मक धावकांत मात्र 13.3 टक्के. आणि ज्यांचे गुडघे मुळातच बरे तेच पळत राहतात, हेही खरं, त्यामुळे या आकड्यांवर मी फार नाचत नाही.

दमसासाच्या बाबतीत मजकूर साफ चुकतो. वयाबरोबर तो घटतो, पण वाढवता येत नाही असं नाही. फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शां 101 ते 103 या वयात ठरवून सराव करत होते. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचा त्यांचा आकडा 31वरून 35वर गेला. मॅडोना बूडर या अमेरिकन ख्रिस्ती जोगिणीनं पळायला सुरुवात केली 48व्या वर्षी आणि 2012 साली, 82व्या वर्षी, आयर्नमॅन ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग लांब शर्यत) पुरी केली. ही माणसं असामान्य, मान्य. पण 1990च्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनं उचलली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. त्यांच्यात एकही खेळाडू शोधून आणलेला नव्हता.

आता बोटं. इथं मजकुरात तथ्य आहे, फक्त वय चुकलंय. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टेंडनला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) महिनोन्‌महिने लागतात. 2013च्या एका अभ्यासात तर दिसलं, की टाचेमागच्या टेंडनचा गाभा साधारण 17व्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. म्हणजे रेघ मारायचीच तर ती सतरावर मारा, पन्नासवर कशाला? पंचविशीतला नवखाही त्याच नावेत आहे.

माझी चूक सांगतो. चौथ्या महिन्यात खांदे आणि हात भरून आले, हुरूप आला, आणि बोटांची पेरं दुमडून बारीक कडांवर लोंबकळायला लागलो. बोटात टेंडनला हाडाशी धरून ठेवणारे कडीसारखे पट्टे असतात. त्यातला एक दुखावला आणि अनामिका दहा आठवडे निकामी. ते वयानं नव्हे, घाईनं झालं. आता बारीक होल्ड (बोटांनी धरायची कड) दिसला की मी आधी पायाला जागा शोधतो. चढाई पायांनीच करायची असते, हात फक्त भिंतीशी धरून ठेवतात, हे मला त्या दुखण्यानं शिकवलं.

"पडून हाडं मोडतील" हे उपकलम उरलं. एका जर्मन चढाई-केंद्रात पाच लाखांहून जास्त भेटींत तिथल्या तिथे झालेल्या इजा होत्या 30. तरी उशिरा सुरुवात करणाऱ्याला, विशेषतः हाडं ठिसूळ असतील तर, बोल्डरिंगपेक्षा (बुटक्या भिंतीवर दोराशिवाय चढणं) टॉप रोप (वरून ओवलेला दोर बांधून चढणं) बरा. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक चूक थेट गादीवर उतरते, टॉप रोपवर ती दोरावर थांबते.

मजकुराचा शेवट असा: "त्यापेक्षा गुपचूप चाला." चाला की. कॅलिफोर्नियातलं 4,421 मीटर उंचीचं माउंट व्हिटनी हल्डा क्रूक्स पहिल्यांदा चढल्या तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या. 91 वर्षांच्या होईपर्यंत त्या तिथं 23 वेळा जाऊन आल्या, चालतच.