हंपीचे ८४७ फोटो ग्रुपवर कसे टाकावेत

हंपीहून आलात ना परत? दमला असाल, साडेपाचशे किलोमीटर गाडी हाणत पुण्याला येणं म्हणजे काय खायचं काम नाही. पण लगेच झोपायचं नाही हां. बॅगा हॉलमध्येच पडू देत, धुण्याचं उद्या बघू, आधी फोटो. तुम्ही हंपीला गेला होतात हे सध्या फक्त तुमच्या टायरला आणि होस्पेटच्या लॉजवाल्याला माहितीये, बाकी जगाच्या हिशोबात तुम्ही चार दिवस घरात लोळत होतात.

आता सगळ्यात आधी एक काळजी घ्यायची, ती म्हणजे निवडायच्या भानगडीत पडायचं नाही. काही लोक सांगतील की बाबा रे, चांगले वीस-पंचवीस काढ त्यातले आणि तेवढेच टाक. हे लोक तुमच्या वाईटावर आहेत. पहाटे पाचला मोबाईलच्या उजेडात मातंग टेकडी धापा टाकत चढलात ती काय एक सूर्य टाकायला? उगवायच्या आधीचा, उगवला असं वाटलं पण तो ढगच निघाला तो, अर्धा उगवलेला, पूर्ण उगवलेला, तुमच्या तळहातावर ठेवलेला, आणि मग तोच तळहातावरचा पण बायकोने 'जरा डावीकडे, अजून जरा' करून काढलेला, हे सगळे जायला पाहिजेत. आणि सुटे सुटे पाठवा. एकदम टाकले की व्हॉट्सॅप त्याचा गठ्ठा बांधतं, वर अधिक अडतीस असा आकडा लिहितं, आणि तो गठ्ठा कुणीही उघडत नाही. सुटे टाकले की प्रत्येकाला टिंग वाजते. रविवारी सकाळी सहाला चाळीस वेळा टिंग वाजली की माणूस ग्रुप उघडतोच, म्यूट करायला का होईना.

आमच्या लहानपणी छत्तीसचा रोल असायचा. बाबा एकेक फोटो असा काढायचे जणू रेशनवर मिळालाय, सगळ्यांना दहा मिनिटं उन्हात उभं करून, आणि धुवून आल्यावर छत्तीसातला एक बोटाचा आणि दोन काळेकुट्ट. तरी त्या अल्बममधला वेरूळच्या कैलासापुढचा तुटक्या सोंडेचा हत्ती मला अजून दिसतो. असो, तो जमाना गेला, आता माणशी दोनशे सूर्य परवडतात.

मग येतो दगडी रथ. विठ्ठल मंदिराच्या आवारात बॅटरीवाल्या गाडीतून उतरल्या उतरल्या पळत सुटायचं ते थेट रथापाशी. तो खरं तर रथ नाहीये, गरुडाचं देऊळ आहे, रथाच्या आकारात बांधलेलं, विठ्ठलाच्या समोर त्याचं वाहन म्हणून; आणि एका दगडातला वाटला तरी ग्रॅनाइटचे बरेच तुकडे असे बसवलेत की सांधे नक्षीत लपून जातात. पण हे बघायला जवळ जाऊन डोळे बारीक करावे लागतात, त्यात वेळ जातो, आणि तुमच्याकडे काम आहे. खिशातून पन्नासची नोट काढायची. नवी, निळी, २०१७ नंतरची, जिच्या मागे हाच रथ छापलाय. ती हाताने समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि नोटेतला रथ खऱ्या रथाला जुळवायचा. जुळत नाही. वारा असतो, नोट फडफडते, मागून कुणाचा तरी काका टोपी घालून फ्रेममध्ये शिरतो. मी एका माणसाला हे पंचवीस मिनिटं करताना बघितलंय, ऊन असं की दगडावर पापड भाजावा, बायको कधीच सावलीत जाऊन बसलेली, पोरगं पाणी मागून मागून गप्प झालेलं, आणि शेवटी फोकस बसला तो नोटेवर, रथ मागे धूसर. माणूस तरी खूश. म्हणजे पन्नास रुपयाच्या नोटेचा फोटो काढायला गडी पेट्रोल जाळत हंपीला आला होता. (तो माणूस मी नव्हतो. नोट माझी होती, एवढंच.)

नोटेचं झालं की आपला. इथे उभं राहायची पद्धत आहे. रथाच्या बरोबर मधोमध, कॅमेऱ्याच्या इतकं जवळ की मागे फक्त दोन चाकांच्या कडा दिसल्या पाहिजेत, कानातल्या डुलांसारख्या. बाकीचा रथ तुमच्यामागे सुरक्षित. याच्या उलट चूक एका साहेबाने केली होती. अलेक्झांडर ग्रीनलॉ, मद्रासच्या फौजेतला अधिकारी, १८५६ साली मेण लावलेल्या कागदाच्या भल्यामोठ्या निगेटिव्ह घेऊन हंपीत फिरला, साठेक फोटो काढले, आणि रथाचा काढला तर रथाचाच काढला. त्यात रथाच्या डोक्यावर विटांचं शिखर दिसतं. आज ते नाहीये. ते तिथे होतं हे आपल्याला दिसतं कारण साहेबाने ते झाकलं नाही. आता विचार करा, अजून पावणेदोनशे वर्षांनी कुणी विचारलं की २०२५ च्या आसपास हा रथ कसा होता, तर त्याला काय मिळेल? तुमचा गॉगल. एकदम स्पष्ट, हाय रिझोल्यूशन, सगळ्या बाजूंनी.

कॅप्शनबद्दल थोडं बोलू. माहिती नको, भाव पाहिजे. 'भग्न वैभव' चालेल, 'दगड बोलतात' नेहमीच चालतं, काहीच सुचलं नाही तर 'शब्द अपुरे पडतात' टाका आणि खाली तेरा हॅशटॅग. १५६५ ची तालीकोटची लढाई, ज्यात विजयनगर हरलं ती, वगैरे काढली तर कुणीतरी शाळामास्तर जागा होईल आणि मग तो तुम्हाला संध्याकाळपर्यंत सोडणार नाही. येताना ऐहोळेला वाकडी वाट करून गेला असाल तर तिथल्या दुर्ग मंदिराच्या फोटोखाली बिनधास्त 'दुर्गामातेचं प्राचीन मंदिर, जय माता दी' लिहा. नाव दुर्ग म्हणजे किल्ल्यावरून पडलंय, देवीशी संबंध नाही, पण पन्नास जण हात जोडतील त्याचं पुण्य कुठे जातंय? बदामीला पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे, त्यासमोर पोज देताना आपले दोन जोडून वीस करा, हा विनोद आजपर्यंत कुणीच केलेला नाही असं समजून करा. आणि पट्टदकल, जिथे चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीने, लोकमहादेवीने, आठव्या शतकात अख्खं देऊळ उभं करून घेतलं, तिथे पोचेपर्यंत चार्जिंग पंधरा टक्के असतं त्यामुळे तिथले फोटो चार, त्यातले दोन मक्याच्या कणसाचे. ठीक आहे. ज्वारीची भाकरी न् शेंगाचटणीचे मात्र अकरा आलेत, ते चुकवू नका.

व्हिडिओशिवाय पुरावा पक्का होत नाही, तेव्हा तेही बघा. विठ्ठल मंदिराच्या मंडपात ते वाजणारे खांब आहेत, लोकांनी वाजवून वाजवून त्यांची वाट लावली म्हणून आता हात लावायला बंदी आहे. ओशाळायचं कारण नाही. गार्डची पाठ वळली की बोटाने टिचकी मारून बघायची, आवाज कॅमेऱ्यात येतच नाही, येतो तो फक्त गार्डच्या शिट्टीचा, तोच 'सप्तसूर' म्हणून टाकायचा. याच्या फार पुढे मात्र जाऊ नका. २०१९ मध्ये चार पोरांनी हंपीतला उभा खांब ढकलून पाडतानाचा व्हिडिओ गाजला, लाइक्स मिळाले की नाही देव जाणे, कोर्टाने मात्र माणशी सत्तर हजार दंड ठोकला आणि खांब त्यांच्याच हातांनी परत उभा करून घेतला. विजयनगर बुडाल्यावर तिथे नवीन बांधकाम करायचा मान आपल्यापैकी फार थोड्यांना मिळालाय.

एवढं सगळं टाकून झालं की प्रतिसाद बघायचे. दादाचा अंगठा, आत्याचं 'छान', न्यू जर्सीच्या मावसभावाचं एक चकित तोंड, तेही त्याने लोकलसारखं धावतं पकडल्यागत. हे बरोबर आहे, यांनी फोटो बघितलेले नाहीत आणि तुम्हीही त्यांचे काश्मीरचे बघितले नव्हतेत, फिट्टमफाट. गोची होते ती आजीची. प्रत्येक घरात एक आजी असते जिला फोटो न बघता पुढे ढकलणं जमत नाही. ती दुपारी जेवण झाल्यावर चष्म्यावर भिंग धरून एकेक फोटो बघते, पहिल्यापासून, आणि मग फोन करते.

आमच्या आजीने विचारलं, "अरे, विठ्ठलाचं देऊळ म्हणालास ना? मग विठ्ठल कुठंय?"

आता काय सांगणार. गाभारा रिकामा आहे. मूर्तीच नाही आत. पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला ही गोष्ट तिनेच मला लहानपणी सांगितली होती, आणि मी त्याच देवळात तीन तास होतो, गाभाऱ्यापर्यंत गेलोच नाही, रथापाशी रांग होती. मी म्हटलं, "आजी, नेटवर्क नव्हतं."

मग ती गणपतीवर आली. सशिवेकाळू गणपती, म्हणजे मोहरीच्या दाण्याचा, अखंड दगडातला, आठेक फूट उंच. त्याच्यासमोर आमचे एकोणीस फोटो. "याच्या पाठीमागून काढला नाहीस का रे एखादा? तिकडे पार्वती आहे म्हणे." खरंच आहे, मी नंतर शोधून बघितलं. मागच्या बाजूने बघितलं की आईची पाठ कोरलेली दिसते, म्हणजे पोर आईच्या मांडीवर बसलंय. दहा पावलं मागे जायचं होतं फक्त. पण तिकडे उजेड चेहऱ्यावर बरोबर पडत नाही ना.

अशा आजीसाठी वेगळा ग्रुप काढा आणि त्यात फक्त सूर्य टाका, हा माझा अनुभवाचा सल्ला. मला सुचलं नाही आणि मी तिला विरूपाक्ष मंदिराचे पण पाठवून बसलो.

तिथे देवळाच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. भिंतीत छोटंसं भोक आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेच्या गोपुराची सावली, नऊ मजले, जवळजवळ ५० मीटरचं गोपुर, वीतभर झालेलं आणि डोकं खाली पाय वर. भोकातून उजेड सरळ रेषेत येतो म्हणून उलटं पडतं, पिनहोल कॅमेरा, शाळेत खोक्याचा करतो तसा, फक्त इथे खोकं दगडाचं आहे आणि कॅमेरा कुणी बंद करत नाही. आत गेलो तेव्हा काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि भिंतीवर हळूहळू ते उमटायला लागलं, धुरकट, आधी कडा मग मजले, सगळे आपोआप गप्प झाले, मागच्या एका बाईंनी 'अगं बाई' म्हटलं ते पण कुजबुजत. आणि तेवढ्यात मी फोन काढला. फ्लॅश ऑटोवर होता. मग बाकीच्यांनीही काढले, पाच-सहा फ्लॅश, एकाने तर नीट दिसावं म्हणून टॉर्चच मारला भिंतीवर. सावली गेली. गाईड काही बोलला नाही, सवय असणार त्याला.

माझ्याकडे त्या खोलीचे सात फोटो आहेत. सातही टाकले, खाली 'अद्भुत!! आपले पूर्वज!!' लिहून. आजवर मला एवढे हात जोडलेले कधीच मिळाले नव्हते, एकतीस, सोसायटीच्या ग्रुपवर तर सेक्रेटरीने पण जोडले.

संध्याकाळी आजीचा फोन. "अरे, हे सात फोटो कसले? पांढरी भिंतच दिसतेय नुसती. यात काय आहे?"

अशा वेळी समजावत बसू नका. 'आवाज येत नाहीये आजी' म्हणा आणि दोन सूर्य पाठवून द्या.