"क्वेरी किती झाली ते कळूच शकत नाही" हे खरं नाही

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, डेटाबेसवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे आला असेल. त्यात म्हटलंय की चालू क्वेरी (डेटाबेसला दिलेली कमांड) किती टक्के झाली हे सांगणं मुळातच अशक्य आहे कारण तो हॉल्टिंग प्रॉब्लेम आहे (प्रोग्रॅम कधी थांबेल का हे आधी ठरवता येत नाही तो प्रश्न), ऑप्टिमायझरचे (क्वेरी कशी चालवायची तो प्लॅन ठरवणाऱ्या भागाचे) अंदाज चुकतात म्हणून स्क्रीनवर दिसणारा कुठलाही टक्का खोटाच असतो, मोठ्या डेटाबेसमध्ये अशी सोयच नाही हाच त्याचा पुरावा, आणि म्हणून अर्ध्या तासाच्या वर गेलेली क्वेरी सरळ किल करायची (मध्येच बंद पाडायची) आणि परत चालवायची, त्यात काही जात नाही. मला यातलं एकही पटत नाही, आणि शेवटचं वाचून तर काळजीच वाटते कारण लोक प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या डेटाबेसवर, तसं करतात.

हॉल्टिंग प्रॉब्लेमचं आधी संपवू. तो कुठल्याही मनमानी प्रोग्रॅमबद्दल आहे. साध्या सिलेक्टचा (फक्त डेटा वाचणाऱ्या क्वेरीचा) प्लॅन म्हणजे ठराविक टेबलं, ठराविक जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं), ठराविक सॉर्ट, तो कधीतरी संपणारच. रिकर्सिव्ह (स्वतःलाच परत परत बोलावणारी) क्वेरी अडकू शकते, तो अपवाद मान्य. पण आपला प्रश्न संपेल का हा नाहीच, केव्हा संपेल हा आहे.

आता अंदाज चुकतात हा मुद्दा. तो अर्धा खरा आहे म्हणूनच लोकांना पटतो. जॉइन वाढत गेले की रोच्या (टेबलातल्या ओळींच्या) संख्येच्या अंदाजातली चूक झपाट्याने फुगत जाते हे 1991 पासून माहिती आहे, आणि नुसत्या एक्सप्लेनच्या (प्लॅन आणि त्यातले अंदाज दाखवणाऱ्या कमांडच्या) आकड्याने भागाकार केला तर टक्का भलताच येणार. पण चांगला प्रोग्रेस एस्टिमेटर (किती काम झालं याचा अंदाज देणारी पद्धत) तसं करतच नाही. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सुरजित चौधरींच्या टीमने आणि विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या जेफ्री नॉटन यांच्या टीमने वेगवेगळं पण जवळपास सारख्याच दिशेने काम केलं. प्लॅनचे पाइपलाइनमध्ये (एकसलग चालणाऱ्या टप्प्यांमध्ये) तुकडे पाडायचे, सॉर्ट किंवा हॅश टेबल (जुळणी पटकन शोधायला बनवलेली यादी) भरणं आलं की तिथे एक तुकडा संपतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या मुळाशी जे स्कॅन (टेबल वाचणं) असतं त्याच्याकडे बघायचं. टेबल किती ब्लॉकचं आहे हे डेटाबेसला माहितीच असतं, त्यातले किती वाचून झाले तेही माहिती असतं, म्हणजे त्या तुकड्यापुरता अंदाज ऑप्टिमायझरवर फारसा अवलंबून राहतच नाही. शिवाय सॉर्ट भरून झाला की त्यात खरोखर किती रो आल्या हे मोजून कळलेलं असतं, मग पुढच्या तुकड्यासाठी जुना अंदाज फेकून खरा आकडा वापरायचा. क्वेरी पुढे जाते तसा आकडा सुधारत जातो, मेसेजवाल्याने हीच गोष्ट पूर्ण सोडून दिली आहे.

फसतं कुठे तेही सांगायला हवं. नेस्टेड लूपमध्ये (बाहेरच्या टेबलाच्या प्रत्येक रोसाठी आतल्या टेबलात जुळणी शोधणाऱ्या जॉइनमध्ये) बाहेरच्या टेबलातल्या जवळजवळ सगळ्या रोंना आत एखाददुसरी जुळणी मिळते आणि अगदी शेवटच्या एका रोला लाखो, तर स्कॅन 99 टक्के झालेलं असतं आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. चौधरींच्याच टीमने 2005 मध्ये दाखवलं की वाईटात वाईट डेटा घेतला तर कुठलाच एस्टिमेटर उपयोगी पडेल अशी गॅरंटी देऊ शकत नाही. गॅरंटी नाही म्हणजे उपयोग नाही असं मात्र होत नाही, त्याच पेपरमध्ये कुठल्या परिस्थितीत विश्वास ठेवता येतो तेही दिलंय. आणि किती काम झालं आणि किती वेळ राहिला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डिस्कवर दुसरा लोड आला किंवा सॉर्ट मेमरीत न मावता टेम्प फाइलवर गेला की काम तेवढंच पण वेळ वाढतो.

सोय नाही म्हणणं तर निव्वळ चूक. ओरॅकलच्या व्ही डॉलर सेशन लाँगऑप्स नावाच्या व्ह्यूमध्ये सहा सेकंदांच्या वर चाललेल्या ऑपरेशनचं झालेलं काम, एकूण काम आणि उरलेला वेळ दिसतो, फक्त ती ओळ एका ऑपरेशनची असते, पूर्ण क्वेरीची नाही, ते समजून वाचायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2014 पासून प्रत्येक ऑपरेटरचे (प्लॅनमधल्या पायरीचे) चालू रो काउंट बघता येतात. पोस्टग्रेसने 9.6 व्हर्जनमध्ये व्हॅक्यूमचा (नको झालेल्या रो साफ करण्याचा) प्रोग्रेस दिला, 12 मध्ये इंडेक्स बनवण्याचा, 14 मध्ये कॉपीचा (टेबलात डेटा भरणाऱ्या किंवा काढणाऱ्या कमांडचा). सिलेक्टचा पोस्टग्रेस देत नाही हे खरंय, पण मोठ्या इन्सर्टला टार्गेट टेबलच्या फाइलची साइझ दुसऱ्या सेशनमधून बघा, कमिट (बदल पक्के) व्हायच्या आधीही ती वाढताना दिसते. मोठ्या अपडेटमध्ये एक सीक्वेन्स (क्रमाने आकडे देणारा काउंटर) घुसवून ठेवता येतो, सीक्वेन्स ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्के होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) बाहेर चालतो त्यामुळे त्याची शेवटची व्हॅल्यू बाहेरून वाचता येते आणि किती रो झाल्या ते कळतं. आणि सगळ्यात आधी वेट इव्हेंट (क्वेरी कशासाठी थांबली आहे ते) बघा हो, लॉकवर (दुसऱ्या सेशनने अडवून ठेवलेल्या डेटावर) थांबलेली क्वेरी कितीही वेळ दिला तरी पुढे जाणार नाही, तिला अडवणारं सेशन शोधावं लागतं, आणि ते न शोधता किल करून परत चालवली तर ती पुन्हा तिथेच जाऊन थांबेल.

राहिलं किल करण्याचं. नुसतं सिलेक्ट असेल तर झालेलं काम वाया जातं, बाकी फार काही नाही. पण अपडेट किंवा डिलीट असेल तर रोलबॅक (झालेले बदल मागे घेणं) येतो. ओरॅकल आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये अनडू (जुन्या व्हॅल्यूंची नोंद) वापरून केलेले बदल मागे घ्यावे लागतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये रोलबॅक एकाच थ्रेडवर चालतो, म्हणजे पॅरललमध्ये तासभर चाललेलं काम मागे यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि तोपर्यंत लॉक तसेच. घाबरून सर्व्हर रीस्टार्ट केला तर रिकव्हरीत तेच काम परत करावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरच्या 2019 च्या व्हर्जनमध्ये आलेली अ‍ॅक्सिलरेटेड डेटाबेस रिकव्हरी चालू असेल तर सुटका होते. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक पटकन होतो पण मेलेल्या रो टेबलात पडून राहतात आणि त्या साफ करायचं काम व्हॅक्यूमवर येतं. एसक्यूएल सर्व्हरवर कोणी आधीच किल मारून बसला असेल तर किल कमांडला स्टेटसओन्ली लावून बघा, रोलबॅक किती टक्के झाला आणि अंदाजे किती सेकंद राहिले ते ती सांगते.