उद्घाटनाचा खर्च कमी करा, प्रिंटचा वाढवा

मराठवाड्यात फोटो प्रदर्शनं आता बरीच होतात. 19 ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला तर हमखास. फोटो काढणारे आपल्याकडे तयार आहेत, कॅमेरेही चांगले आहेत. घोडं अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. फाइल झाली की काम संपलं असं धरतात. मग स्टेज, बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, आणि उरलेल्या पैशात आदल्या रात्री फ्लेक्सवाल्याकडून साठ फोटो सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पांढऱ्या पत्र्यावर, चिकटवून येतात. माझं मत स्पष्ट आहे: भिंतीवर टांगलेला कागद हाच फोटो. तो वाईट असेल तर फोटो वाईट.

ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलनं अजिंठ्याची आणि वेरूळची छायाचित्रं घेतली, ती 1864 साली जेम्स फर्ग्युसनच्या भारतातल्या लेण्यांवरच्या पुस्तकात आली. राजा दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते, त्यांनीही वेरूळ टिपलं. त्या काळचे ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थराचे कागद आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. आपला सनबोर्ड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सरळ राहत नाही.

आधी संख्या. साठ कशाला? 40 फुटी भिंतीवर 31 इंच रुंदीच्या फ्रेमा मध्ये आणि दोन्ही टोकांना दीड फूट जागा सोडून लावल्या तर नऊ बसतात. नऊच लावा. आणि त्या एकाच विषयाच्या असू द्या. भेगाळलेली जमीन, पागोट्यातला सुरकुतलेला म्हातारा, मकबऱ्यामागचा चंद्र आणि किंगफिशर एकाच भिंतीवर आले की ते प्रदर्शन राहत नाही, स्पर्धेचा निकाल होतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या दुष्काळावर भेगांचे फोटो ढिगानं निघाले. त्याऐवजी कुलूप लावलेले ड्रम, दारापुढची प्लॅस्टिकची टाकी, नंबराला लावलेल्या घागरी, एवढ्याच वस्तू एकाच उंचीवरून, एकाच प्रकारच्या उजेडात टिपलेल्या असतील तर माणूस भिंतीपुढे थांबतो.

आता फाइल. 24 मेगापिक्सेलची फाइल साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलची असते. 24 बाय 16 इंचाला ती 250 पीपीआय, म्हणजे इंचाला 250 पिक्सेल देते, पुरेशी. पण क्रॉप करून रुंदी निम्मी केली की त्याच आकाराच्या प्रिंटला 125 उरतात आणि जवळून बघणाऱ्याला केस, पानं, मातीचा पोत लगदा दिसतो. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल तर प्रिंटला देऊच नका, तिची लांब बाजू बहुतेक वेळा 1600 पिक्सेलच्या आसपास असते.

'प्रिंट काळी आली' ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा मॉनिटरचा असतो. पूर्ण ब्राइटनेसवर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण तो गडदच ठेवतो. ब्राइटनेस चौरस मीटरला 100 ते 120 कँडेलावर आणा, कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागवून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघा, आणि सगळ्यात गडद फोटोची पाच इंची पट्टी आधी काढून हॉलच्या उजेडात तपासा. आपल्या गावांतल्या लॅब लग्नाच्या अल्बमवर चालतात. ऑपरेटर सवयीनं चेहरे उजळ करतो, सावल्या उचलतो. 'करेक्शन नको' हे ऑर्डरवर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं रात्रपाळीच्या पोरापर्यंत पोचत नाही.

कागद चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या आसपासचा कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंचा) किंवा बॅरायटा (बेरियम सल्फेटच्या थराचा, किंचित चमकदार) घ्या, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगकणांची. मॅट कॉटनवर काळा रंग थोडा मऊ येतो, बॅरायटावर खोल. दुष्काळाच्या धुळकट फोटोंना मॅट शोभतं, वेरूळच्या अंधाऱ्या लेण्यांना बॅरायटा. चकचकीत लॅमिनेशन मात्र नकोच, त्यावर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि फोटोऐवजी आपलंच तोंड दिसतं. प्रिंट निघाली की लगेच काचेत घालू नका. किमान 24 तास साधा कागद वर ठेवून वाळू द्या, नाहीतर शाईतले द्रव उडून काचेला आतून धुकं धरतं.

माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये फोटोभोवती येणारा जाड पुठ्ठा, आम्लमुक्त हवा. त्याची पट्टी बाजूंना तीन इंच, खाली साडेतीन. प्रिंट फेविकॉलनं किंवा दुहेरी टेपनं पूर्ण चिकटवू नका. एप्रिल-मेमध्ये 40 च्या वर पारा, कोरडी हवा, आणि जूनमध्ये एकदम दमट: कागद आकसतो, फुगतो, आणि चारही बाजूंनी जखडलेला असेल तर लाटा येतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीनं लावलेल्या, बस्स. मागं प्लाय किंवा एमडीएफ थेट टेकवू नका, त्यातलं आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करतं. मागची फट कागदी टेपनं बंद करा, आपल्याकडची धूळ आणि कसर दोन्ही तिथूनच शिरतात.

टांगताना फ्रेमचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर. फ्रेम 24 इंच उंच असेल आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येत असेल, तर खिळा 58 अधिक 12 वजा 3, 67 इंचांवर. प्रत्येक फ्रेमला हेच. डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप टिकत नाही, रंगाची भुकटीच टेपला लागून येते. स्क्रू मारू देत नसतील तर वरून तारेनं सोडा.

उजेडाचं बोलायलाच नको. ट्यूबलाइट बंद ठेवा. 90 च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेले एलईडी स्पॉट छतावरून, उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत, भिंतीवर उजेड 150 ते 200 लक्स. मोबाइलवरचं लक्समीटर अंदाजापुरतं चालतं. दरवाजा ज्या भिंतीसमोर आहे तिथं गडद फोटो लावू नका.

राहिली विक्री. आवृत्ती, म्हणजे एका फोटोच्या एकूण किती प्रिंट काढायच्या ते, आधी ठरवा: विकायला सात आणि कलाकाराने स्वतःकडे ठेवायच्या दोन. मागच्या बाजूला पेन्सिलीनं 2/7 (सातांपैकी दुसरी) असं लिहून सही करा, कागद, शाई आणि साल नोंदवा. विकायला आठवी प्रिंट कुणी कितीही आग्रह केला तरी निघत नाही. दुसऱ्या आकाराची आवृत्ती काढायची असेल तर तेही पहिल्याच दिवशी यादीत टाका. आणि किंमत विचारणाऱ्याला 'द्या काय द्यायचं ते' म्हणू नका. फ्रेमसह आणि फ्रेमविना, असे दोन आकडे टाइप करून टेबलावर ठेवा.