नवीन आहे म्हणून टाळू नका

जपानमधल्या क्योतोला जायचं ठरलं तेव्हा हेइआन जिंगू या शिंतो देवळावर जाणकारांनी सरळ फुली मारली. "अहो, ते नवीन. नुसती प्रतिकृती!"

नवीन म्हणजे १८९५चं बरं का. राजधानी तोक्योला हलली आणि क्योतोची रया गेली. मग शहर वसल्याला ११०० वर्षं होण्याचं निमित्त साधून तिथल्या मंडळींनी मूळ राजवाड्यातला दरबार पुन्हा उभारला, पाच-अष्टमांश आकारात. शहर वसवणाऱ्या कान्मु सम्राटालाच आत देव केलं. त्यातलाही मुख्य गाभारा १९७६ला जळाला, १९७९ला परत बांधला. म्हणजे जाणकारांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

शेंदरी खांब, हिरवी कौलं, पांढऱ्या खडीचं मोठं अंगण. आई सवयीने चपला काढायला वाकली, तिला थांबवलं. मग "मूर्ती कुठाय रे?" दर्शनाला मूर्ती नसतेच. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. तिच्या टाळ्या आरतीच्या ठेक्यात सुरू झाल्या, दोनावर थांबेनात.

पण खरी मजा मागच्या बागेत. वेगळं तिकीट आहे म्हणून बरेच जण बाहेरूनच फिरतात, तसं करू नका. ओगावा जिहेई या माळीबुवांनी घडवलेली ही बाग. तळ्यातलं पाणी बिवा सरोवरातून आलेलं, क्योतोला पुन्हा उभं करायला खणलेल्या कालव्याचं. आणि त्या तळ्यात पाण्यावर डोकी काढलेले गोल दगड. नाव गार्यूक्यो, म्हणजे निजलेल्या ड्रॅगनचा पूल. हे दगड म्हणजे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बांधलेल्या क्योतोतल्या सान्जो आणि गोजो पुलांचे खांब! पूल गेले, खांब इथे उभे रोवले.

आता याला प्रतिकृती म्हणायचं? आपल्याकडे जुना वाडा पाडला की कोरीव खांब भंगारवाल्याकडे जातात आणि नव्या इमारतीला 'अमुक वाडा' अशी पाटी लागते. जुनं नाव ठेवणं सोपं असतं हो.

गुडघ्यांमुळे आई आधी नकोच म्हणत होती. मग माझा हात धरून एकेका दगडावर दोन्ही पाय टेकवत निघाली. मध्येच एका दगडावर थांबली, खाली मासे दिसले म्हणून. मागे सहा-सात जण खोळंबलेले, कुणी चकार शब्द काढला नाही. पलीकडे पोचल्यावर म्हणते, "परत एकदा जाऊ या?"