दहावी ओवी सोडू नका

आज चर्चमधल्या सकाळच्या भक्तीत बायबलातला २ शमुवेल, २१ वा अध्याय वाचायला घेतला तेव्हा मी बाकावर सावरून बसले. वाटलं, आज तरी रिस्पाचं, शौल राजाच्या उपपत्नीचं, नाव कानावर पडेल. पाहुणे उपदेशक नवव्या ओवीपर्यंत आले, पान उलटलं आणि म्हणाले, "इथला थोडा भाग सोडून आपण चौदाव्या ओवीवर जाऊ." आणि गेले. पुढची चाळीस मिनिटं दावीद राजा, त्याचा न्याय, त्याचं देवाला विचारणं, दुष्काळ कसा हटला. मी घरी आले, भात लावला, शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

सोडलेल्या भागात आणि त्याच्या आधी काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दावीदाच्या काळात लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. कारण कळलं ते असं, की दावीदाच्या आधीचा राजा शौल याने देशात राहणाऱ्या परक्या गिबोनी लोकांची कत्तल केली होती. जुना पुढारी यहोशवा याच्या काळापासून इस्राएलाने त्यांना जिवंत ठेवायची शपथ दिलेली, ती शौलाने मोडली. गिबोन्यांनी चांदी मागितली नाही, सोनं मागितलं नाही. शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले. दावीद म्हणाला, देतो. शौल कधीच मेलेला होता. पाप बापाचं, आजोबाचं; फासावर मुलं आणि नातवंडं.

त्या सातांत दोन रिस्पाचे मुलगे. अरमोनी आणि मफीबोशेथ. उरलेले पाच शौलाची मुलगी मेरब हिचे. सातही जणांना डोंगरावर एकदम मारलं, जवाची कापणी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा.

आणि मग ती दहावी ओवी. रिस्पाने गोणताट, म्हणजे शोकाचं जाडंभरडं कापड, घेतलं, खडकावर अंथरलं आणि बसली. दिवसा पाखरांना त्या प्रेतांवर बसू दिलं नाही, रात्री रानातल्या जनावरांना जवळ येऊ दिलं नाही. कापणीच्या सुरुवातीपासून आभाळातून पाणी पडेपर्यंत. त्या देशात जव एप्रिलच्या सुमाराला कापतात आणि वळीव सोडला तर पाऊस येतो तो ऑक्टोबरात. तुम्हीच मोजा महिने. ही ओवी सोडून पुढे जायचं?

रिस्पा म्हटलं की मला माझी आत्या दिसते. मी बारावीला होते. आतेभाऊ ट्रकवर क्लीनर होता, हायवेवर अपघातात गेला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणला तेव्हा संध्याकाळ झालेली. पोस्टमॉर्टेम सकाळी होणार, डॉक्टर नाहीत. शवागाराची किल्ली ज्याच्याकडे, तो घरी गेलेला. मग स्ट्रेचर तसंच मागच्या व्हरांड्यात. घरचे पुरुष पोलीस चौकीत, पंचनाम्याच्या मागे. आत्या त्या स्ट्रेचरपाशी फरशीवर बसली, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. मला मोठ्यांनी पाठवलं, तिला उठव, घोटभर चहा तरी पाज. मी म्हटलं, "आत्या, चल ना." ती म्हणाली, "तू जा बाळा. इथं कुत्री आहेत."

एवढंच बोलली. रात्रभर.

रिस्पा तर तेवढंही बोलत नाही. अख्ख्या शास्त्रात ती दोनदा येते आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडी एक शब्द नाही. पहिल्यांदा येते ती तिसऱ्या अध्यायात, शौलाची उपपत्नी म्हणून. शौलाचा सेनापती अबनेर तिच्यापाशी गेला असा आळ शौलाचा मुलगा ईश-बोशेथ घेतो, अबनेर चिडतो, पक्ष बदलतो, राज्य हातचं जातं. दोन पुरुषांचं भांडण तिच्यावरून, आणि तिला कोणी विचारत नाही की बाई, झालं काय. आमच्या रविवारच्या शाळेत चित्रं गल्याथाची, दानिएलाच्या सिंहांची, योनाच्या माशाची. रिस्पाचं चित्र मी कधी पाहिलं नाही. आज भक्तीनंतर दाराशी मी हे बोलले तर एक ताई म्हणाल्या, "अगं, लेकरं बसलेली असतात, फासाबिसाचं कशाला?" गल्याथाचं मुंडकं कापलेलं चालतं की लेकरांना!

बरं, गिबोन्यांवर अन्याय झाला होता, तो कोणीतरी भरून द्यायलाच हवा होता, मान्य. पण दावीदाने शौलाचा मुलगा योनाथान याच्या मुलाला वाचवलं, तोही मफीबोशेथच, कारण योनाथानाशी शपथ झालेली होती. उपपत्नीच्या मुलांसाठी कोणी शपथ घेतलेली नव्हती. म्हणून ती गेली. हा न्याय? आणि नियमशास्त्राचंच बोलायचं तर अनुवाद २१ उघडा. टांगलेल्याचं प्रेत रात्रभर झाडावर राहू देऊ नका, त्याच दिवशी पुरा, असं स्वच्छ लिहिलंय. राजाला माहीत नव्हतं? याजकांना माहीत नव्हतं? सगळ्या देशात तो नियम पाळायला उरली एक विधवा, आणि तिच्याजवळ कुदळ नव्हती, माणसं नव्हती, फक्त गोणताट होतं.

त्या रात्री आत्याच्या हाताला वर्तमानपत्राची शाई लागली होती. घामाने तळवे काळे झाले होते, मधूनच कपाळ पुसायची, तिथेही काळं. तीन कुत्री होती. पायरीपर्यंत यायची, ती पेपर आपटायची, ती मागे सरायची, पुन्हा यायची. मला झोप लागली. मी अठरा वर्षांची धडधाकट पोरगी, आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि पेपर आपटल्याचा आवाज येतच होता.

आता ऐका, चौदाव्या ओवीत काय आहे. उपदेशकांनी ती वाचली, पण तिच्या आधीचं सोडल्यावर ती कळणार कशी? रिस्पाने काय केलं ते दावीदाला कोणीतरी सांगितलं. तेव्हा कुठे तो उठला. याबेश गिलादाला जाऊन शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणल्या, डोंगरावरच्या सातांच्या अस्थी गोळा करवल्या, बन्यामिनाच्या मुलखात सेला इथे शौलाचा बाप कीश याच्या कबरेत मूठमाती दिली. आणि त्यानंतर, बघा, त्यानंतर देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली. सात जण फासावर गेले तेव्हा नाही ऐकली. पुरल्यावर ऐकली. दुष्काळ दावीदाच्या न्यायाने हटला म्हणता? मला तर तिथे एका आईचं बसणं दिसतं. राजाला लाज त्या बाईने आणली.

केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू शिकल्या, अख्खं शास्त्र मराठीत उतरवलं, १९२२ साली गेल्या आणि १९२४ साली ते छापून आलं. त्या बाईने दहावी ओवी सोडली नाही. आपण छापील पान समोर असताना सोडतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. उपदेशक माणूस वाईट नाहीत, वेळ थोडा असतो, हेही खरं. 'रिस्पा' हा हिब्रूत निखाऱ्याचाही शब्द आहे, यशयाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरून उचललेला असतो तो. हे कधीतरी त्यांच्याकडूनच ऐकायला आवडेल.

आणि एक राहिलं. त्या व्हरांड्यात दुसरंही स्ट्रेचर होतं. बेवारस म्हणून आणलेला कोणी म्हातारा, अंगावर नुसती चादर, पाय उघडे. आत्या त्याच्याही पायांवरच्या माश्या वारत होती. मेरबचे पाच रिस्पाचे नव्हते, पण पाखरं तिने सातांवरूनही हाकलली. हे मला परवा परवा लक्षात आलं.

दुपारी आत्याला फोन केला. ती आता चौऱ्याहत्तरची आहे, कानाला कमी येतं. दहावी ओवी मी तिला दोनदा वाचून दाखवली. गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "रात्रीची तिच्याजवळ कोण होतं गं?"

मी म्हटलं, "कोणाचं नाव नाही दिलेलं, आत्या."