लेस्ट आलं की शुड

परवा भाच्याचा फोन. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून सरळसेवेची, म्हणजे थेट सरकारी भरतीची, तयारी करतोय. म्हणाला, मामा, इंग्रजी ग्रामरमध्ये नो सूनर असलं की दॅन, हार्डली असलं की व्हेन हे पाठ झालंय, पण लेस्ट, म्हणजे 'असं होऊ नये म्हणून', त्यानंतर शुडच का येतं? मी म्हटलं, बाळा, का ते विचारू नको, डोळे झाकून शुडला टिक कर आणि पुढे जा. फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं, कारण मलाही क्लासमध्ये हेच सांगितलेलं, आणि नोकरीला लागल्यापासून लेस्ट हा शब्द मी एकदाही लिहिलेला नाही.

तलाठी भरती 2023 चंच घ्या ना. जागा 4644, अर्ज दहा लाखांच्या वर. 100 प्रश्न, 200 मार्क, त्यातले 25 प्रश्न इंग्रजीचे, म्हणजे मराठीला 50 मार्क तर इंग्रजीलाही 50! आता तलाठ्याचं काम काय, तर फेरफार, सातबारा, गारपीट झाली की बांधावर जाऊन पंचनामे, आणि हे सगळं मराठीत. सरकारी काम मराठीत करायचा राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे हो. आणि वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणणाऱ्या नॉर्मलायझेशननंतर पॉइंटमध्ये मेरिट हुकतं तिथं.

गंमत बघा, यूपीएससीला इंग्रजीचा पेपर 300 मार्कांचा, पण नुसता क्वालिफाइंग, 25 टक्के पाडा आणि सुटा. 2013 ला इंग्रजीचे मार्क मेरिटमध्ये धरायचं ठरलेलं, बोंबाबोंब झाली, मागे घ्यावं लागलं. 2014 ला पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट पेपरवरून दिल्लीत मुखर्जीनगरची पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा त्या वर्षी इंग्रजी उताऱ्यांचे मार्क धरलेच नाहीत. आपल्या राज्यसेवेच्या नव्या पॅटर्नमध्येही भाषेचे पेपर क्वालिफाइंगच. म्हणजे ज्याला कलेक्टर व्हायचंय त्याला इंग्रजीत काठावर पास चालतं, आणि ज्याला तलाठी म्हणून सज्जात बसायचंय त्याचं मेरिट इंग्रजीवर अडणार. कुठलं लॉजिक हे?

इंग्रजी नकोच असं मी म्हणत नाही, उलट लागतं, फार लागतं, फक्त ते हे इंग्रजी नाही. मला परीक्षेत 25 पैकी 22 बरोबर आलेले. जॉइन होऊन महिना झाला नसेल तर टेबलावर कोर्टाची इंग्रजी ऑर्डर आली, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. त्यात होतं, 'नो कन्स्ट्रक्शन सेव्ह अँड एक्सेप्ट रिपेअर्स'. मी सेव्ह म्हणजे वाचवणे धरून चाललो आणि काय वाचवायचं तेच कळेना! शेवटी रिटायरमेंटला आलेले अव्वल कारकून म्हणाले, साहेब, सेव्ह म्हणजे इथं 'सोडून', दुरुस्ती सोडून बाकी बांधकाम बंद. ते जुन्या काळातले बारावी, व्हॉइस बदला म्हटलं असतं तर घाम फुटला असता त्यांना, पण अशा ऑर्डरी आयुष्यभर वाचलेल्या.

मग असंच पत्र द्या ना परीक्षेत. अर्धं पान इंग्रजी, खाली विचारा, काय करायला सांगितलंय, कोणी करायचंय, किती दिवसात. कॉम्प्युटरवर चार पर्याय देऊनही विचारता येतं, दहा लाख पोरं असली तरी. पण नियमांवर प्रश्न काढणं सोपं पडतं, आणि त्याच नियमांच्या ट्रिकांवर क्लासवाल्यांची पुस्तकं खपतात.

त्या रात्री भाच्याला व्हॉट्सॲपवर तेच सेव्ह अँड एक्सेप्टचं वाक्य टाईप करून पाठवलं, म्हटलं अर्थ सांग.

सकाळी रिप्लाय आला, 'मामा, हे सिलॅबसमध्ये नाहीये.'