‘किमान’ म्हणजे नेमकं किती?

परत तेच! नवा गेम चालायला ‘किमान’ काय लागतं, त्या यादीत माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड होतं म्हणून पैसे भरले. मोबाइलच्या नेटवर दोन रात्री जागून ९० जीबी उतरवले. सुरू केला, तर दर वळणावर झटका. यादीखाली बारीक अक्षरात काय? १०८०पी (उभ्या दिशेनं १०८० ठिपक्यांचं चित्र), सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे चित्रं, तेही अपस्केलिंग चालू ठेवून. म्हणजे चित्र कमी रिझोल्यूशनवर काढायचं आणि मोठं करून दाखवायचं. मग त्याला १०८०पी म्हणता कशाला?

६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला पाहिजे. ऐन लढाईत शेडर (प्रकाश-रंग काढणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल, म्हणजे कार्डाला समजतील असे तयार, होत बसले तर ती वेळ पाळणार कशी? लई महागडी कार्डंसुद्धा तिथं अडकतात, मग आमच्या ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० कार्डानं काय करावं?

त्यात परभणीचा मे महिना. पारा ४२ च्या पुढं गेला की लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. हा उन्हाळा कुठल्याच यादीत धरलेला नसतो.

मामा म्हणतात, “नवा घे की.” सोयाबीनच्या पट्टीवर घर चालतं आमचं, मामा. दर दोन वर्षांनी नवा लॅपटॉप कुठून आणू?